आधी पोचलेली माणसं

मीनल उशिरा यायची. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. इंदिरानगरमध्ये आम्हा दोघींत मिळून समुपदेशनाची एकच खोली होती. दुपार माझी, संध्याकाळ तिची. तिची वेळ व्हायची तेव्हा बाहेरच्या बाकांवर तिची माणसं येऊन बसलेली असायची आणि ती स्वतः अजून कुठल्या तरी सिग्नलला, नाहीतर कुणाच्या तरी घरी चहाला अडकलेली असायची. 'निघालेच' असा मेसेज तेवढा वेळेवर यायचा. आणि गंमत म्हणजे ती माणसं थांबायची. कुरकुर न करता थांबायची. एकमेकांची विचारपूस करायची, डबे उघडायची. एक बाई तर तिथे बसून नातवाचा स्वेटर विणायच्या. त्यांना नैराश्य होतं असं मीनल म्हणायची. मला तर तो स्वेटर पाहून तसं वाटलं नाही.

मी माझ्या माणसांना कधी मिनिटभरही थांबायला लावलं नाही. त्यांच्या आधी येऊन, खुर्च्या सरळ करून, पाण्याचा तांब्या भरून बसलेली असायची. तरी माझी माणसं दोनदा येऊन तिसऱ्यांदा गळायची, आणि मीनलच्या बाकांवर मात्र जागा नसायची. मला तिचा हेवा वाटायचा. म्हणजे मनात कुठेतरी बारीकसं काहीतरी बोचायचं, तसलं नाही. चांगला घसघशीत हेवा. तिने आणलेलं मनी प्लांट वाढायचं आणि माझी तुळस वाळायची, तर त्याचाही.

संपादकांनी मला उशिराच्या स्वप्नांवर लिहायला सांगितलंय, आणि मी मीनलची उणीदुणी काढत बसले आहे असं वाटेल. पण या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात एकमेकींना चिकटूनच आल्या. तिचा हेवा केला नसता तर या स्वप्नांतलं मला काही कळलं नसतं.

आमचं काम काय असतं ते आधी सांगते, कारण नातेवाइकांनाही ते अजून नीट ठाऊक नाही. आमच्याकडे गोळ्या नसतात, त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात. आम्ही ऐकतो, मध्ये मध्ये विचारतो, आणि ठरलेला वेळ संपला की 'आज इथे थांबू' असं म्हणतो. शेवटचं वाक्य सगळ्यांत अवघड. माणूस नेमका तेव्हाच खरं बोलायला लागलेला असतो. तरी उठवावं लागतं, कारण पुढचा माणूस बाहेर बसलेला असतो. मी ते वाक्य फार छान म्हणायची. मीनलला ते म्हणताच यायचं नाही. म्हणून ती संध्याकाळ सुरू उशिरा करायची आणि संपवायचीही उशिरा.

स्वप्नं घेऊन बरेच लोक यायचे. पण आमच्याकडे यायच्या आधी ते पंचवटीत कुण्या गुरुजींना विचारून आलेले असायचे. दात पडला म्हणजे अमुक, साप आडवा गेला म्हणजे तमुक, हे सगळं त्यांना पाठ असायचं. मग माझ्यासमोर बसून ते परीक्षकासारखे पाहायचे की ही बाई काय वेगळं सांगते. मी सांगायची की स्वप्नांचा शब्दकोश नसतो. एकच साप तुमच्या स्वप्नात सासू असू शकतो आणि शेजाऱ्याच्या स्वप्नात नुसता साप. लोकांचा थोडा हिरमोड व्हायचा. गुरुजींकडे निदान उत्तर मिळायचं, आणि जोडीला एखादा उपाय.

उशिराचं स्वप्न मात्र जवळजवळ सगळ्यांकडे असतं. परीक्षेला पोचायचंय आणि रिक्षा मिळत नाही. लग्नाची वेळ झालीय आणि चप्पल सापडत नाही. सातपूरच्या कारखान्यांतले कामगार यायचे, त्यांच्या स्वप्नात कंपनीची बस समोरून निघून जायची आणि पाय सिमेंटमध्ये रुतल्यासारखे व्हायचे. आमच्या पुस्तकांत याची कारणं दिलेली आहेत. जबाबदारीचं ओझं, आपण कमी पडू याची धास्ती, हातून काही निसटल्याची चुटपूट. खोटं त्यात काही नाही. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. खऱ्या आयुष्यात जे वेळ पाळतात त्यांनाच ही स्वप्नं जास्त पडतात. मीनलला मी मुद्दाम विचारलं होतं. ती म्हणाली, "छे ग, मला तर हत्ती दिसतात. आपल्या इथल्या द्वारकेच्या चौकात रांगेने निघालेले." हिची स्वप्नंसुद्धा माझ्या माणसांच्या स्वप्नांपेक्षा बरी, हे तेव्हा माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

वेळ पाळूनही मला स्वतःला उशिराचं स्वप्न कधी पडलेलं नाही. मी नुसती वेळ पाळत नाही, आधीच पोचते; लग्नाला गेले तर मांडववाले अजून खुर्च्या लावत असतात.

एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची आठवण इथे सांगायला हवी. आयुष्यभर शाळेची घंटा यांच्या हुकमाने वाजली आणि निवृत्तीनंतर यांना स्वप्न पडायचं की गणिताचा पेपर सुरू झालाय आणि त्या अजून जिन्यातच आहेत. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांना निवृत्तीची पोकळी वगैरे समजावत होते. एकदा त्या सहज म्हणाल्या, "वर्गात पोचते तर सुधाचा अर्धा पेपर सोडवूनही झालेला असतो, आणि माझ्याकडे बघून हसते." सुधा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मी ते ऐकलं आणि पुन्हा पोकळीकडे वळले. त्या बाई काही दिवसांनी यायच्या थांबल्या. पुढे त्या मला मीनलच्या बाकावर दिसल्या.

आता भाऊसाहेबांचं सांगते. त्यांचं नाव आणि गाव बदललं आहे, आणि लिहू का असं विचारूनच लिहिते आहे. पन्नाशीचे असतील. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे जिथे पत्र्याला दाबून आकार देतात तिथे. गाव निफाडच्या बाजूला. तिथे म्हातारी आई आणि धाकटा भाऊ संपत, तो शेती पाहतो. कारखान्याचा नियम असा की मशीनवर मोबाइल न्यायचा नाही, पाळीला आत शिरताना लॉकरमध्ये ठेवायचा. वडील सकाळी गेले. फोन लॉकरमध्ये वाजत राहिला. गावाकडे भावकी जमली, मामा म्हणाले दिवस बुडायच्या आत उरका. भाऊसाहेब पाळी संपवून बाहेर आले, मिस्ड कॉल पाहिले, मोटारसायकल काढली, आणि गावच्या ओढ्याजवळ पोचले तेव्हा धूर वर निघाला होता.

त्यानंतर त्यांना स्वप्न लागलं. कंपनीच्या फाटकातून पळत निघायचं, गाडीला किक बसत नाही, रस्ता संपत नाही, पोचावं तर धूर. आठवड्यातून किती तरी वेळा. झोपेची भीती बसली. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाची झोप नीट झाली नाही तर बोटं जातात, म्हणून सुपरवायझरनेच त्यांना माझ्याकडे धाडलं होतं.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. अपराधीपणा. बापाला शेवटचं पाहता आलं नाही. मी त्यांना परोपरीने सांगितलं की यात तुमची चूक नाही, नियम कंपनीचा होता. ते मान हलवायचे. "बरोबर हाय मॅडम," म्हणायचे. पुढच्या वेळी येऊन सांगायचे, "परत पडलं." असं खूप दिवस चाललं. मी चांगली खोल खणत होते, पण विहीर दुसऱ्याच शेतात होती.

त्याच सुमाराला कॉलेज रोडच्या एका सभागृहात मनावर व्याख्यान ठरलं. आयोजक माझ्या ओळखीचे. मला वाटलं मलाच बोलावतील, साडीसुद्धा मनात काढून ठेवली होती. बोलावलं मीनलला. मला श्रोत्यांचं आमंत्रण आलं, तेही व्हॉट्सअॅपवर. मी गेले, अर्थातच सगळ्यांच्या आधी, पहिल्या रांगेत बसले. मीनलचा पत्ता नाही. आयोजक माइकवरून सांगताहेत, 'मॅडम वाटेत आहेत, पाचच मिनिटं.' आणि अख्खं सभागृह थांबलं. कुणीतरी गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या. मीनल धापा टाकत आली तर त्यावरही टाळ्या. मी पहिल्या रांगेत होते, आधी पोचलेली होते, आणि तरी त्या सभागृहात सगळ्यांत मागे राहिलेली मीच होते.  

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेब आले. नेहमीचं स्वप्न सांगून झालं. मग खाली बघत म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. त्या संध्याकाळच्या मॅडमकडं लय गर्दी असती. त्या बघत्यात का सपनाचं?"

मी काय बोलले ते आठवत नाही, पण आतून पेटले होते ते आठवतं. हाही चालला. आणि त्या पेटलेल्या अवस्थेत मला एकदम वाटलं की मी जिथे जिथे जाते तिथे मीनल आधीच बसलेली असते, ती प्रत्यक्षात कितीही उशिरा आलेली असो. उशिराची गंमतच ही आहे. त्याचा हिशोब घड्याळाशी नसतो, आधी पोचलेल्या कुणाशी तरी असतो. मला मुख्याध्यापिका बाईंची सुधा आठवली. आणि मी भाऊसाहेबांना जे इतके दिवस विचारायला हवं होतं ते विचारलं. खरं तर जरा तिरसटपणेच विचारलं.

"तुम्ही पोचता तेव्हा तिथे आधी कोण असतं?"

"सगळी भावकी असती."

"पण तुम्ही कुणाकडे बघता?"

त्यांनी खुर्चीखालची चप्पल पायाने सरळ केली. मग म्हणाले, "संपतकडं. मडकं त्याच्या हातात असतं."

आमच्याकडे अंत्ययात्रेत जो मुलगा अग्नी देणार तो विस्तवाचं मडकं धरून पुढे चालतो, हे वाचकांना सांगायला नको. त्यांच्या गावात रीत अशी की बापाला थोरला अग्नी देतो आणि आईला धाकटा. वडिलांच्या वेळी थोरला सातपुरात होता, म्हणून धाकट्याने धरलं.

"मग काय वाटतं?" मी विचारलं.

"काय वाटनार. माझं व्हतं ते." हे म्हणताना त्यांचा आवाज चढला. "माझं व्हतं मॅडम. जलमभर बापानं सगळं संपतला दिलं. रान त्याला, घर त्याला, बैलं त्याला. मला म्हनला तू शिक, नोकरी कर. एवढं एकच थोरल्याचं ऱ्हातं. ते बी त्यानंच घेतलं. आन् आईची येळ येईल तवा रीतीनं बी त्योच धरनार. दोन्ही त्याचीच."

बोलून झाल्यावर तेच घाबरले. भावाचा हेवा, तोही मडक्यावरून. असली गोष्ट माणूस स्वतःशीसुद्धा बोलत नाही. ते उठले आणि माझ्यावर उखडले. "तुमी माझ्या मनात काय बी घालता. सोन्यासारखा भाऊ हाय माझा." चप्पल घालून निघून गेले, 'आज इथे थांबू' म्हणायची संधीही त्यांनी मला दिली नाही.

मी मात्र मनात खूश होते. इतकं चांगलं काम माझ्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं. मीनलला हे कधी दिसलं नसतं, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिच्या अंगात हेवा नावालाही नाही. तिला तो दुसऱ्यात ओळखू यायचा कसा? ज्याच्या घरी गूळ नाही त्याला मुंग्यांची वाट काय कळणार. माझ्याकडे मालाची कमतरता नव्हती.

पण ते यायचे थांबले. एक वेळ चुकली, दुसरी चुकली. मी रोज निघताना मीनलच्या बाकांकडे नजर टाकायची. स्वेटरवाल्या बाई होत्या, मुख्याध्यापिका होत्या, भाऊसाहेब नव्हते. तिच्याकडेही गेले नाहीत याचा मला जो आनंद झाला तो माझ्या व्यवसायाला शोभणारा नव्हता. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. काळजी मात्र हळूहळू वाटायला लागली. त्या माणसाचे हात रोज प्रेसखाली जात होते.

मग त्यांचा फोन आला. वडिलांचं वर्षश्राद्ध आलं होतं आणि त्यांनी घरी कळवलं होतं की मी येणार नाही. संपतला पुढे बसलेलं पाहवणार नव्हतं, पण घरी सांगितलं की सुट्टी नाही. त्यावर संपत म्हणाला, आला नाहीस तर यापुढे आपला संबंध संपला. आईने जेवण सोडलं, तेव्हा स्वप्नांपायी येत नाही आणि ती एका बाईंना सांगतो, एवढं त्यांनी तिला सांगून टाकलं. "आता आई म्हनती, ज्या बाईला तू सपनं सांगतो तिला मला बघायचं. संपतच्या पिकअपमधनं मार्केटला येनार हाय. आनू का?"

मला वाटलं म्हातारी भांडायला येतेय. आणा म्हटलं.

आई आल्या त्या पिशवीत वांगी घेऊन. नऊवारी, डोईवर पदर, गुडघे धरत धरत पायऱ्या चढल्या. मागून संपत, टोमॅटोचे क्रेट उतरवून आलेला, शर्टावर डाग. भाऊसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय ओढून बसले. दोन्ही भाऊ एकमेकांकडे पाहत नव्हते. आई माझ्या खुर्चीत बसल्या. मी स्टुलावर बसले.

"ह्याला सपनं पडत्यात म्हनं," त्या मला म्हणाल्या. "आन् त्यापायी बापाच्या श्राद्धाला येत नाय म्हनतो. कसली सपनं?"

"ते त्यांनाच सांगू दे," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी जमिनीला सांगितलं, "मी पळतो. पन पोचतो तवर पेटल्यालं असतं."

"ते तर खरंच झालं की," आई म्हणाल्या. "त्यात सपान कुठलं?"

संपतला राहवलं नाही. "मी काय हौसेनं धरलं का, दादा? मामा म्हनले दिवस बुडंल. तुला किती फोन केले. तुझा फोन बंद."

"बंद नव्हता. लॉकरमदी व्हता."

"मला काय माहीत लॉकर का फिकर. बाप दारात ठिवल्याला आन् भावकी घड्याळ बघती. काय करायचं मी?"

"थांबायचं," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्यासाठी थांबायचं. मी थोरला हाय."

 बाहेर मीनलची माणसं कशावर तरी हसत होती. मी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. माझी वेळ संपली होती. एरवी मी उठलेच असते, पुढे संध्याकाळ मीनलची. पण मीनल आलीच कुठे होती? मी जागची हलले नाही.

भाऊसाहेब पुढे बोलले. जे मला बोलले होते तेच, पण आता ज्यांच्याविषयी होतं त्यांच्यासमोर. "बापाचं यानं धरलं. आन् आईचं बी हाच धरनार."

"मी अजून बसली हाय इथं," आई म्हणाल्या.

"रीत सांगतो, आई. आईला धाकटा देतो."

"आन् बापाला?"

"थोरला."

"मंग ती मोडलीच न्हवं. येक मोडली आन् दुसरी धरून बसायची, ही कुठली रीत? मी सांगते आता. माझं मडकं थोरला धरंल."

हे ऐकून भाऊसाहेबांनी मान वर केली. पण संपतची खाली गेली. "धरू दे," तो म्हणाला. "मला काय त्याचं." आणि मग खिडकीकडे बघत, "सांभाळायचं आमी. पाय दाबायचं आमी." त्याचा आवाज मला चांगला ओळखीचा होता. हेवा फक्त थोरल्याकडेच आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते.

आईंनी त्याला तिथल्या तिथे गाठलं. "तू सांभाळतो, म्हनून तर तुला मला पेटवायची घाई नसावी. तुझं जित्तेपनी चाललंय. त्याला येकदाच द्यायचंय. देऊ दे की."

संपतने हात वर करून डोळे पुसले, टोमॅटोच्या डागाच्या बाहीने.

मला वाटलं, झालं. प्रश्न मिटला. पण भाऊसाहेबांचा चेहरा सुटेना. ते आईकडे बघत होते, आणि पन्नाशीचा माणूस एकाएकी शाळेतल्या पोरासारखा दिसायला लागला. "आन् आई," ते म्हणाले, "तुझ्या येळी बी मला उशीर झाला तर?"

सगळं दुखणं इथे होतं. वडिलांचं नव्हे, मडक्याचंही नव्हे. मी त्यांना काय सांगणार होते कोण जाणे, 'तुमच्या मनात ही भीती' वगैरे काहीतरी माझ्या जिभेवर होतं. आईंनी मला बोलू दिलं नाही.

"झाला तर झाला," त्या म्हणाल्या. "ठिवा मला. आता ती थंड पेटी मिळती भाड्यानं, लाइटीवर चालती. आपल्या वाडीतल्या म्हातारीला नव्हती का ठिवली, पोरगी दुबईवरनं येईस्तोवर? दुबईवाल्यांसाठी ठिवत्यात, आन् सातपूरवाल्यासाठी ठिवायला काय झालं? मला कुठं पाळीला पंचिंग करायचंय? तू ये सावकाश. मी थांबते."

आधी संपत हसला. फसकन हसला आणि मग दोघांनाही आवरेना. भाऊसाहेबांचं हसणं मध्येच कधी रडणं झालं ते कळलं नाही. आई त्यांच्या पाठीवर थापटत म्हणत होत्या, "आरं, हळू. वांगी हायत मांडीवर."

एवढ्यात मीनल आली. धावत, पर्स उघडी, 'सॉरी सॉरी' म्हणत. दार बंद पाहून ती बाहेरच उभी राहिली. आम्ही बाहेर आलो तर तिची माणसं बाजूला सरकली आणि ती थेट आईंना म्हणाली, "मावशी, गुडघे दुखतात का हो?" झालं. आई तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि गुडघ्यांपासून सुनेपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मला एवढ्या वेळात त्यांनी स्वतःविषयी एक शब्द सांगितला नव्हता. वांगी त्यांनी दोघींत वाटून दिली. तिला दोन जास्त गेली, मी पाहिलं.

माझ्या कामातला सगळ्यांत चांगला दिवस तो. आणि तोही मीनलच्या वेळेत झाला. ती वेळेवर आली असती तर 'आज इथे थांबू' म्हणून मी तिघांना उठवलं असतं, 'उशीर झाला तर' हा प्रश्न भाऊसाहेबांच्या तोंडातच राहिला असता आणि भाऊ आपापल्या गाडीने निघून गेले असते. म्हणजे याचं श्रेय तिच्या ढिसाळपणाला जातं. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. या अंकातून कळलं तर कळू दे.

उशिराच्या स्वप्नाचा अर्थ काय असं मला अजूनही लोक विचारतात. मी सांगते की तुम्ही कशाला उशिरा पोचलात ते सोडा, तिथे आधी कोण बसलंय ते पाहा, आणि तुमच्यासाठी कुणी थांबलं असतं असं तुम्हाला वाटतं का ते पाहा. एवढंच मला ठाऊक आहे. पुस्तकात याहून बरंच आहे, ज्यांना हवं त्यांनी वाचावं.

भाऊसाहेब श्राद्धाला गेले, आदल्या दिवशीच जाऊन राहिले. पिंडाला हात दोघांनी मिळून लावला, असं संपतने फोनवर सांगितलं. गुरुजींनी आधी नको म्हटलं, मग आईंचा चेहरा पाहून हो म्हटलं. त्यानंतर काही दिवसांनी भाऊसाहेब शेवटचे म्हणून मला भेटायला आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"परत पडलं, मॅडम," ते म्हणाले.

मी विचारलं, "तेच?"

"तेच. पन ह्या बारी आईचं व्हतं. ओढ्याला समदी भावकी बसल्याली. तंबाखू मळत्यात, गप्पा मारत्यात. मामा घड्याळ बघाया लागले की आई त्यांना वरडती."

"आई? त्या तर..."

"हां, पेटीत. तिथनंच वरडती. थोरला यायचाय म्हनती, बसा गप."

"आणि मडकं कुणाच्या हातात?"

"कोनाच्याच नाय. खाली ठिवल्यालं. संपत त्याला वारा लागू नये म्हनून आडवा बसल्याला."

"मग तुम्ही पळत होता का?"

ते जरा लाजले. "नाय मॅडम. मी निघलोच नव्हतो. घरीच व्हतो. आंघोळ करत व्हतो, सावकाश."

या ठिकाणी समुपदेशकाने काय म्हणायचं असतं ते मला येतं. मी ते म्हटलं, त्यांचं अभिनंदन केलं. पण खरं सांगायचं तर मीनलचासुद्धा मी कधी केला नसेल इतका हेवा मला त्या क्षणी या माणसाचा वाटला. अख्खी भावकी खोळंबलेली आहे, आणि हा आंघोळ करतोय. मला आयुष्यात जागेपणीही असं जमलेलं नाही. त्यांची वेळ संपली होती, दारात दुसरं कुणीतरी येऊन उभं होतं. मी त्यांना बसा म्हटलं आणि विचारलं, पाणी किती गरम होतं.